मजकुराच्या माथ्यावरचा 'जाहिरात' हा शब्द काढू नका

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील वृत्तपत्रांचे व बातम्यांच्या संकेतस्थळांचे मालक, संपादक आणि जाहिरात व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली सतरा वर्षे मी आपल्यासाठी जाहिरातीचा मजकूर लिहिते आहे. आपल्या दसरा-दिवाळीच्या पुरवण्या, वर्धापनदिनाचे विशेषांक, जून महिन्यातील शैक्षणिक पाने आणि अलीकडे संकेतस्थळांवर 'ब्रँड स्टोरी' या नावाने येणारे लेख यांतला बराच मजकूर माझ्या हातचा आहे. त्यावर माझे नाव नसते, आणि त्याबद्दल मी कधी तक्रार केलेली नाही. आज मात्र उघडपणे लिहावे लागत आहे.

गेल्या पंधरवड्यात आपल्यापैकी एका समूहाच्या जाहिरात विभागाकडून, माझ्यासारख्या बाहेरून लिहून देणाऱ्या सर्वांना एक ई-मेल आला. येत्या दसरा पुरवणीपासून प्रायोजित लेखाच्या माथ्यावर असणारी 'जाहिरात' ही पट्टी काढली जाईल, तिच्या जागी 'विशेष' हा शब्द येईल, आणि संकेतस्थळावर लेख पैसे घेऊन छापल्याचा खुलासा अगदी तळाशी, जाहिरातदाराच्या पत्त्यानंतर येईल, असे त्यात कळवले होते. पट्टी पाहून वाचक पुढे वाचत नाहीत अशी जाहिरातदारांची तक्रार आहे, एवढेच कारण दिले होते. मी चौकशी केली तेव्हा आणखी काही ठिकाणी ही पट्टी कोणालाही न कळवता आधीच गेलेली आहे, असे आढळले. म्हणून हे पत्र एका समूहाला न लिहिता आपणा सर्वांना लिहीत आहे.

हे पत्र जाहिरातीविरुद्ध नाही. जाहिरातीवरच माझे घर चालते. वृत्तपत्राच्या किमतीतून कागदाचा आणि छपाईचा खर्च भागत नाही, आणि जाहिरातदाराचा पैसा आला नाही तर गगनबावड्याच्या किंवा आजऱ्याच्या पंचायत समितीच्या बैठकीला वार्ताहर पाठवणेही आपल्याला जड जाईल, हे मी जवळून पाहिले आहे. बातमीसारख्याच मांडणीत जाहिरातदाराचा लेख छापणे, ज्याला या व्यवसायात नेटिव्ह ॲडव्हर्टायझिंग म्हणतात, त्यातही मुळात काही गैर आहे असे मी मानत नाही. लेखात वाचकाच्या उपयोगाचे काही असावे आणि तो कोणाच्या पैशाने लिहिला आहे हे वाचकाला वाचण्याआधी कळावे, या दोन अटी पाळल्या तर हा प्रामाणिक व्यवसाय आहे.

काही वर्षांपूर्वी चपलांच्या एका जुन्या दुकानासाठी मी असा लेख लिहिला. त्यासाठी कारागिराच्या घरी तीन दिवस बसले. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कसे कमावतात, चपलेचे कान कसे बसवतात, वेणी कशी गुंफतात, तळ शिवायला चामड्याचीच वादी का लागते, हे त्याच्या तोंडून ऐकून लिहिले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांतील कारागिरांचे आहे, रेक्झिनच्या चपलेला ते लावता येत नाही, हेही लिहिले. आणि स्वतःच्या दुकानात स्वस्त माल असतानाही त्या दुकानदाराने ते वाक्य राहू दिले. लेखाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत 'जाहिरात' असे छापले होते. लोकांनी तो लेख वाचला, कात्रण हातात घेऊन ते दुकानात गेले, आणि त्या कारागिराला पुढच्या लग्नसराईपर्यंत पुरेल इतके काम मिळाले. याच शहरात बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवली. भिंतीवरचे ते चित्र जाहिरात आहे हे सर्वांना दिसत होते, आणि तरीही लोक ते पाहायला थांबत होते.

आता ज्या लेखाची मला लाज वाटते त्याविषयी लिहिते. २०१८ मध्ये पंचगंगेच्या काठापासून फार दूर नसलेल्या एका गृहप्रकल्पाचे काम माझ्याकडे आले. कामाच्या टिपणात पूररेषेचा, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणाऱ्या नकाशावरील रेषेचा, उल्लेख नव्हता. निळी आणि लाल पूररेषा या जागेपासून किती अंतरावर आहेत, असे मी विचारले, तेव्हा 'तो मुद्दा घेऊ नका, नदीचे सौंदर्य घ्या' असे उत्तर मिळाले. मी नदीचे सौंदर्य घेतले. खिडकीतून दिसणाऱ्या पात्रावर दोन परिच्छेद लिहिले. मी पाठवलेल्या प्रतीवर 'जाहिरात' हा शब्द होता. छापून आलेल्या पानावर तो नव्हता, आणि महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांकही नव्हता. पान बातमीचे वाटावे असे ठरले, की नोंदणी क्रमांकाला त्यावर जागा उरत नाही. मी एकदा फोन करून विचारले आणि नंतर गप्प बसले, कारण त्या महिन्यात मला पुढचे काम हवे होते.

आमच्याच पेठेतील एका निवृत्त शिक्षकांनी ते पान कापून ठेवले होते. पत्नीच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही म्हणून त्यांनी त्या प्रकल्पात तळमजल्यावरचे घर घेतले. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेले आणि त्यांच्या घरातील कपाटापर्यंत चढले. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच झाले. पाणी ओसरल्यावर मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले ते कात्रण माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "पोरी, मला शंका आली होती बघ. पण पेपरात आलंय म्हटल्यावर वाटलं, यांनी चौकशी केली असंल." तो लेख मी लिहिला आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. मी त्यांना ते सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी कात्रणाची घडी घातली आणि ते परत पिशवीत ठेवले.

या अनुभवामुळे माझी पहिली आणि मुख्य तक्रार त्या एका शब्दाबद्दल आहे. स्थावर संपदा कायदा, २०१६ याच्या कलम १२ नुसार, जाहिरातीतील चुकीच्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम भरणाऱ्या आणि त्यामुळे नुकसान सोसणाऱ्या माणसाला विकासकाकडून भरपाई मागता येते. त्याच कायद्याच्या कलम ११ नुसार प्रकल्पाच्या जाहिरातीत प्राधिकरणाचे संकेतस्थळ व नोंदणी क्रमांक असावाच लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे. लेखाच्या माथ्यावर 'जाहिरात' असे असेल, तर ते कात्रण ग्राहकाच्या हातातला पुरावा ठरते. 'विशेष' असे असेल, तर विकासक म्हणतो की ते वृत्तपत्राने लिहिले, वृत्तपत्र म्हणते की माहिती विकासकाने दिली, आणि ती जाहिरातच होती हे आधी सिद्ध करण्याचे ओझे पूरग्रस्त माणसावर पडते. आपण काढू पाहत असलेली पट्टी काही मिलिमीटर उंचीची आहे, परंतु तिच्यावर ग्राहकाचा हक्क उभा आहे, हे आपल्या जाहिरात विभागाने लक्षात घेतले आहे काय?

नियमांचा अभाव आहे असेही नाही. जाहिरात ही बातमीपासून स्पष्टपणे वेगळी दिसली पाहिजे, असे प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारसंहितेत लिहिले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. जाहिरातीतील अस्वीकरण (डिस्क्लेमर) हे दाव्याच्याच भाषेत असावे, असे त्यांत म्हटले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला व शिफारस करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'विशेष' यासारख्या शब्दांचा प्रश्नही नवा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०१५ मध्ये नेटिव्ह जाहिरातींविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात संदिग्ध शब्दांनी वाचकाची फसगत होते, म्हणून जाहिरातीला सरळ जाहिरात म्हणावे, असा सल्ला दिलेला आहे. आपल्याकडचे 'विशेष', 'सौजन्याने' आणि 'वाणिज्य वार्ता' हे शब्द याच जातीचे आहेत. पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माझ्या मावशीला 'सौजन्याने' या शब्दाचा अर्थ विचारला, तर ती 'चांगुलपणाने' असा सांगेल, आणि तो बरोबरच आहे.

या राज्याने हा रस्ता कुठे जातो ते एकदा पाहिलेले आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी उमेदवारांकडून पैसे घेऊन बातम्या छापल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी उजेडात आणले, प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला, आणि तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत जिल्ह्याजिल्ह्यांत माध्यम देखरेख समित्या बसतात. आमचा व्यवहार बिलाचा आणि जीएसटीचा आहे, तो रोखीचा नाही, असे आपण म्हणाल. ते खरे आहे. परंतु बिल वाचकाला दिसत नाही. त्याला फक्त पान दिसते, आणि पट्टी काढल्यावर बातमीचे आणि जाहिरातीचे पान सारखेच दिसते.

दुसरी तक्रार तालुक्याच्या वार्ताहरांची आहे. ते स्वतः बोलू शकत नाहीत म्हणून मी ती मांडते आहे. वर्धापनदिन आला की प्रत्येकाला जाहिरातीचे टार्गेट मिळते. जो वार्ताहर जानेवारीत साखर कारखान्याच्या थकलेल्या ऊसबिलाची बातमी लिहितो, त्यालाच गळीत हंगामाच्या शुभारंभाची पानभर जाहिरात त्याच अध्यक्षांकडून आणायची असते, आणि त्या जाहिरातीसोबतचा गौरवलेखही त्यालाच लिहायचा असतो. पतसंस्था, दूध संस्था, खासगी क्लास, रुग्णालये यांच्याबाबतही हेच घडते. अनेकांचे मानधन इतके तुटपुंजे आहे, की जाहिरातीच्या कमिशनवरच त्यांचे घर चालते. अशा माणसाने त्याच कारखान्याविरुद्ध किती लिहावे अशी आपली अपेक्षा आहे? आपण बातमी लिहिणारा हात आणि जाहिरात लिहिणारा हात एकच करून ठेवला आहे. माझ्यासारखे वेगळे मजकूरलेखक उपलब्ध असताना याची गरज नाही.

तिसरी गोष्ट तथ्ये तपासण्याची. 'रसायनमुक्त गूळ' असा दावा करणाऱ्या एका विक्रेत्याचा लेख दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला होता. रसाची मळी काढायला गुऱ्हाळात रानभेंडी वापरतात, आणि गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस हे रंग उजळवणारे रसायन टाकतात, हे या जिल्ह्यातल्या प्रत्येक ऊसकऱ्याला माहीत आहे. म्हणून मी प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. अहवाल आला नाही. काम दुसऱ्याकडे गेले आणि लेख दाव्यासकट छापून आला. मधुमेह मुळापासून बरा करण्याचा दावा करणारे मजकूर तर १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने सरळ मना आहेत, तरीही ते आरोग्य पुरवणीत 'तज्ज्ञांचा सल्ला' म्हणून येतात.

आम्हा लिहिणाऱ्यांच्या स्थितीबद्दल थोडक्यात लिहिते. शिवाजी विद्यापीठातून पत्रकारितेचे शिक्षण घेतलेली मुले 'कंटेंट रायटर' म्हणून आपल्याकडे रुजू होतात. आपण लिहितो ती बातमी की जाहिरात, हे त्यांना पहिले सहा महिने कोणी समजावून सांगत नाही, आणि समजते तेव्हा त्यातली चांगली मुले पुण्याला निघून जातात. बाहेरून लिहिणाऱ्यांशी लेखी करार होत नाही. जाहिरातदाराने चार वेळा बदल सुचवले तरी मोबदला एकाच मसुद्याचा मिळतो, आणि तोही पाच-सहा महिन्यांनी. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म सेवा-व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीचा कायदा सांगतो. माझी नोंदणी आहे. बिलासोबत मी तिचा क्रमांक दर वेळी पाठवते.

आपल्या संकेतस्थळांवरून फिरणाऱ्या मिसळीच्या आणि तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या रील्सचीही हीच गत आहे. चित्रफीत मराठीत, बोलणे अस्सल कोल्हापुरी, आणि पैसे घेतल्याची खूण मात्र कोपऱ्यात 'कोलॅब' अशी. भारतीय जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ च्या जूनपासून लागू आहेत, आणि सर्वसाधारण प्रेक्षकाला कळेल असाच खुलासा असावा असे ते सांगतात. 'कोलॅब' म्हणजे काय हे माझ्या मावशीला कसे कळावे?

पट्टीमुळे वाचक कमी होतात, या जाहिरातदारांच्या म्हणण्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण त्यात थोडे तथ्य आहे. काही वाचक पट्टी पाहून पान उलटतात. तसे करण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि त्यांना फसवून थांबवण्याचे पैसे मी घेऊ इच्छित नाही. उरलेल्यांना थांबवणे हे माझे काम आहे, आणि ते चांगल्या मजकुराने होते. न्यू यॉर्क टाइम्सने जानेवारी २०१४ मध्ये असे लेख सुरू केले, तेव्हा त्यांवर निळी पट्टी आणि 'पेड पोस्ट' असे शब्द घातले, आणि त्याच पट्टीखाली त्यांच्या विभागाने नावाजले गेलेले काम केले. त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी २०१३ मध्ये, द अटलांटिक या मासिकाच्या संकेतस्थळाने सायंटॉलॉजी या पंथाचा पैसे घेतलेला लेख आपल्या नेहमीच्या मांडणीत टाकला होता. त्यावर खूण होती, तरीही वाचक इतके संतापले, की काही तासांत तो काढून माफी मागावी लागली. नाव इतक्या जुन्या मासिकाचे होते, तरी त्याची झळ त्याला बसली. मग आपण तर खूणच काढायला निघालो आहोत.

माझ्या मागण्या अशा आहेत. पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक लेखाच्या शीर्षकाच्या वर, शीर्षकाच्या निम्म्यापेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत, 'जाहिरात' हा एकच मराठी शब्द असावा आणि शेजारी पैसे देणाऱ्याचे नाव असावे. संकेतस्थळावर तो शब्द मोबाइलच्या पडद्यावर न सरकवता दिसावा, आणि लेख कोणी पुढे पाठवला तरी त्याच्यासोबत जावा. घरबांधणी, आरोग्य, शिक्षण आणि गुंतवणूक यांविषयीचा कोणताही प्रायोजित मजकूर नोंदणी क्रमांक व दाव्याचा कागद हातात आल्याशिवाय छापू नये, आणि पंचगंगेच्या खोऱ्यातील घरांच्या लेखात पूररेषेची माहिती द्यावीच. वार्ताहरांना जाहिरातीचे टार्गेट देणे बंद करावे; ते आज शक्य नसेल, तर निदान ज्या संस्थांच्या बातम्या ते देतात त्यांच्याकडून जाहिरात आणण्याची सक्ती त्यांच्यावर करू नये. मजकूरलेखकांशी लेखी करार करावा, बदलांची संख्या त्यात नमूद करावी आणि पैसे ४५ दिवसांत द्यावेत. तळाशी खुलासा देण्याचा तो निर्णय मागे घेतल्याचे दसऱ्यापूर्वी, पहिल्या पानावर, वाचकांना कळवावे.

त्या ई-मेलला मी अद्याप उत्तर दिलेले नाही. हे पत्र हेच माझे उत्तर समजावे. दसरा पुरवणीसाठी मागितलेले तीन लेख माझ्याकडे तयार आहेत. एक सराफी पेढीचा आहे, एक दुचाकीच्या दालनाचा आणि एक गृहप्रकल्पाचा. गृहप्रकल्पाच्या लेखात पूररेषेपासूनचे अंतर मी स्वतः नकाशावर पाहून लिहिले आहे, आणि विकासकाने त्याला मान्यता दिली आहे. तिन्ही लेखांच्या माथ्यावर 'जाहिरात' हा शब्द मी टंकलेला आहे. तो तसाच छापणार असाल, तर कळवावे. मी त्याच दिवशी तिन्ही लेख पाठवीन.

आपली विश्वासू,
जाहिरातीचा मजकूर लिहिणारी एक लेखिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर